रायपूरला पाच मिनिटं

माझी आई गाड्यांच्या आवाजात म्हातारी झाली, पण गाडीत बसायची वर्षातून एकदाच. वडील रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा नि पाना टाकून रोज रूळ तपासत चालणं ही त्यांची नोकरी. आमचं क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ होतं की कोळशाची मालगाडी गेली की ताटातलं वरण हलायचं. वर्षातून एकदा पासवर आम्ही नागपूरला जायचो, दीक्षाभूमीवर, आणि दुसऱ्या दिवशी परत. त्यापलीकडे आईनं कोणती गाडी पाहिली असेल तर ती अंगणातून, कपडे वाळत घालताना.

मीही रेल्वेतच लागले, फक्त वडिलांसारखी उन्हात नाही, एसी लावलेल्या खोलीत. मी सेक्शन कंट्रोलर आहे. रायपूरच्या दोन्ही अंगांचे स्टेशनमास्तर दिवसभर माझ्या कानात बोलतात, आणि कोणती गाडी आधी सोडायची, कोणती बाजूला घ्यायची हे मी सांगते. माझ्यासमोरच्या पडद्यावर गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. थांबली की रेघ आडवी होते, चालली की पुन्हा तिरपी. ऑफिसात माझ्या तोंडाला लोक घाबरतात हे मला माहीत आहे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं. एखाद्यानं गाडी एक मिनिट जास्त उभी ठेवली की मी फोनवर विचारते, "काहून भैया, चहा पिऊन राहिले होते का?"

तर एका हिवाळ्यात माझ्या पडद्यावर एक वेगळी रेघ आली. यात्रेकरूंची खास गाडी, नागपूरकडून येणारी, गयेवरून पुढं जाऊन सीमा ओलांडून नेपाळात शिरणारी. बसनं नाही, रुळांवरून. जनकपूरला जाऊन थांबायची आणि तिथून ज्यांना लुंबिनी करायची त्यांच्यासाठी पुढं बस. पहिल्या फेरीत तिला रायपूरला थांबा नव्हता. मीच तिला मधल्या लाइनवरून सरळ काढून दिली, आणि तिच्या पायी दोन मालगाड्या अडकल्या म्हणून मनात शिव्याही दिल्या.

घरी येऊन तीच कुरकुर जेवताना केली. आईच्या हातातली पोळी तव्यावर पडायची तशीच हातात राहिली.

"लुंबिनीले जाणारी गाडी? आपल्या येथून गेली?"

"हव."

"अन् थांबली नाही?"

"थांबाच नाही तिले, आई."

"तुह्या हातात होती गाडी. तरी नाही थांबवली तू?"

मी हसले. तिला समजावून सांगायला लागले की गाडी माझ्या हातात असणं आणि माझी असणं यात फरक आहे. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही.

लुंबिनी हा आईचा जुना ध्यास. विहारात वंदनेला जाणाऱ्या सगळ्याच बायांना तिथं जायचं असतं, पण आईचं म्हणणं वेगळं होतं. जिथं सिद्धार्थ जन्मला ती जागा आपल्या पायांनी चालायची. खुर्चीवर बसून कोणी ढकलत नेलेलं तिला नको होतं. आणि नेमके पायच तिला दगा देत होते. हृदयामुळे गुडघ्यांचं ऑपरेशन करता येत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एखादं वर्ष धरून धरून चालाल, मग पायऱ्या विसरा. याआधी दोनदा आम्ही नागपूरहून निघणाऱ्या यात्रेची तिकिटं काढली होती. एकदा तिचा ताप, आणि एकदा नागपूर स्टेशनच्या पुलावर अर्ध्या पायऱ्या चढून ती खालीच बसली. तिथूनच आम्ही परत आलो. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली की रायपूरचा एक नंबर प्लॅटफॉर्म बरा, रस्त्यावरून सरळ आत जाता येते.

पुढं थांबा मिळाला तो माझ्यामुळे नाही, हे आधीच सांगते. विहारातल्या बायांनी अर्ज केला, खाली पंधरावीस सह्या आणि दोन अंगठे. त्याच आठवड्यात ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या रामभक्तांचाही एक अर्ज गेला, त्यात आपले मराठी लोकही होते. आता जनकपूर हे सीतेचं माहेर हे सगळ्यांना माहीत, पण छत्तीसगडात त्याची गोष्ट वेगळी आहे. कौसल्या इथली लेक, म्हणून राम इथल्या माणसांचा भाचा, त्यांच्या बोलीत भांचा. आणि भाच्याच्या पाया पडायची इथं रीत आहे, वयानं तो कितीही लहान असो. म्हणजे ही गाडी भांच्याच्या सासरी जाणार. ती रायपूरला न थांबता जाते हा त्यांना सरळ सरळ अपमान वाटला. एकीकडे लुंबिनी, दुसरीकडे जनकपूर, दोन्ही अर्ज एकाच टेबलावर आले. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "पाच मिनट निकलेंगे क्या?"

पाच मिनिटं ऐकून तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. रायपूरला पाच मिनिटं काढणं म्हणजे भरल्या घरात आणखी एक पाहुणा झोपवण्यासारखं आहे. एकीकडून हावडा-मुंबईची वर्दळ, दुसरीकडून विशाखापट्टणमची लाइन येऊन मिळते, मधूनमधून दुर्गच्या लोकल, आणि या सगळ्यांच्या मागं कोळसा नि लोखंड भरलेल्या मालगाड्या सिग्नलवर ताटकळत असतात. शिवाय एका गाडीतून उतरून दुसरी पकडणारी माणसं प्लॅटफॉर्मवर गाठोड्यांवर बसलेली. मी चार दिवस डोकं लावलं. एक मालगाडी मागं ढकलली, एका पॅसेंजरचा प्लॅटफॉर्म बदलला, आणि दुपारी एक नंबरवर ती पाच मिनिटं बसवली. पडद्यावर रायपूरच्या नावापुढं नखाएवढी आडवी रेघ उमटली. बावीस वर्षं मी रेघा पाहते आहे, पण त्या रेघेकडे पाहताना मला भरून आलं. शेजारच्याला कळू नये म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

स्टेशनांची यादी मी घरी नेली. आई विहारातल्या वर्गात वाचायला शिकली, साठी उलटल्यावर. बोट ठेवून वाचते. तिनं रायपूरवर बोट ठेवलं आणि एकेक नाव उच्चारत खाली आली, पार जनकपूरपर्यंत. मग बोट उचलून परत रायपूरवर ठेवलं.

"हे सारं एकाच गाडीनं?"

"एकाच."

"मधी उतरा लागत नाही?"

"नाही ना. सीमेवर कार्ड पाहतीन, बस. मतदानाचं कार्ड जवळ ठेवजो."

"तुह्या बापानं ठोकलेल्या रुळावरून दुसऱ्या देशात," ती म्हणाली आणि त्या कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली.

मी तिच्यासोबत जाऊ शकत नव्हते. इतकी सुट्टी मिळाली नाही. विहारातल्या चार बाया जाणार होत्या, त्यांच्याच डब्यात आईचा खालचा बर्थ होता. मी फक्त गाडीच्या दिवशी रजा टाकली, तिला नीट चढवून द्यायला. माझ्या खुर्चीवर त्या दिवशी ज्युनिअर होती. आपल्याच लोकांतली पोरगी, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतून देते.

तासभर आधीच आम्ही स्टेशनावर पोहोचलो. खरं सांगायचं तर प्लॅटफॉर्मवर प्रवाशासारखी मी कित्येक वर्षांत उभी राहिले नव्हते. विहारातल्या बाया मला विचारायला लागल्या, "ताई, डब्बा कुठं येईन?" आणि मी, जणू गाडी खिशात घेऊनच आले होते, म्हणाले, "मागं येईन. दुर्गच्या टोकाला चला." पहिल्या फेरीत आमच्या वर्गाचे डबे मागच्या टोकाला होते, हे मी कागदावर पाहिलं होतं. आईला हळूहळू चालवत तिकडे नेलं. दोनदा बसावं लागलं. त्या टोकाशी एक बाक रिकामा होता, त्यावर तिला बसवलं.

त्या बायांपैकी एक जरा चौकस होती. वर लटकलेल्या डब्यांच्या बोर्डाकडे पाहून ती म्हणाली, "ताई, या बोर्डात तर आपला नंबर पार पुढं दाखवून राहिले."

"त्या बोर्डाचं काय सांगता? अवं, मी येथंच नोकरी करतो."

तिनं आपली बॅग बाकाशी टेकवली. घोषणाही झाली असणार, पण तेव्हा मी आईला औषधाच्या पुड्या कोणत्या वेळी घ्यायच्या ते तिसऱ्यांदा सांगत होते.

मग ती गाडी आली.

मी तिला वेळेवर आणली होती, निदान रेघेवर. पण रेघ वेगळी आणि गाडी वेगळी. इंजिनाला झेंडूच्या माळा होत्या, प्रत्येक डब्यावर पाटी, पाटीवर पहिल्यांदाच रायपूर आणि शेवटी एका परक्या देशातलं स्टेशन. प्लॅटफॉर्मवरचा गलका एकदम खाली आला. धमतरीकडच्या काही बाया गाठोडी घेऊन दुसऱ्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं कुलीला विचारलं, "ए गाड़ी कहाँ जाथे?" त्यानं डोक्यावरची बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "हमर भांचा के ससुरार." त्या सगळ्या उठल्या. हळू होत चाललेल्या डब्याला हात लावून त्यांनी तो हात कपाळाला लावला. एका शिपायानं टोपी काढली. चहावाला ओरडायचा थांबला. रोज शंभर गाड्या पाहणारी ही माणसं, आणि मीही त्यांच्यातलीच, तोंड उघडं टाकून उभी होती. इथून, या पान थुंकलेल्या, ओल्या, रोजच्या प्लॅटफॉर्मवरून माणूस दुसऱ्या देशात जाऊ शकतो. आईनं चपला काढून ठेवल्या होत्या.

गाडी थांबली आणि माझ्या समोरच्या डब्यावरचा नंबर मी वाचला. भलताच वर्ग. त्याच्या पुढचाही भलता. त्याच क्षणी मला कळलं काय झालं ते. मागच्या कुठल्या तरी स्टेशनावर इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं होतं. तसं केलं की गाडी उलटी होते, मागचे डबे पुढं, पुढचे मागं. कुलीला हे कळतं, भेळवाल्याला कळतं. माझ्या पडद्यावर रेघेला पुढचं-मागचं टोक नसतं, म्हणून ते माझ्या डोक्यातच आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आमचा डबा बिलासपूरच्या टोकाला होता, सगळा प्लॅटफॉर्म ओलांडून. हातात पाच मिनिटं, त्यातलं अर्धं मिनिट मी नंबर वाचण्यात घालवलेलं.

विहारातल्या बायांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बॅगा उचलून धावत सुटल्या. आईला ते जमणार नव्हतं. मी तिची बॅग घेतली, तिच्यात औषधं, कपडे, सगळं होतं.

"आई, तू ये हळूहळू. मी पुढं जाऊन गाडी थांबवतो."

"थांबवशील ना?"

"थांबवतो म्हटलं ना!"

मी धावले. पन्नाशी उलटलेली, मधुमेही बाई गर्दीतून बॅग घेऊन जशी धावेल तशी धावले. कोणाच्या तरी गाठोड्यावरून अडखळले, कोणाला तरी कोपर लागलं. शेवटी आमचा डबा आला. बाया दारात उभ्या होत्या, त्यांनी बॅग आत ओढून घेतली. मी मागं वळून पाहिलं. माणसंच माणसं. आई कुठंच दिसेना.

मी फोन काढला आणि माझ्याच खुर्चीला लावला.

"हाँ मैडम, बोलिए," ज्युनिअर म्हणाली.

तिच्या मागून स्टेशनमास्तरांचे आवाज येत होते, रोज माझ्या कानात असतात तेच. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मैडम, आपकी गाड़ी टाइम पर निकल रही है। विशाखापट्टनम वाली बाहर सिग्नल पे खड़ी है, इसके निकलते ही उसी प्लेटफॉर्म पे ले रही हूँ।"

ती गाडी मला चांगली माहीत होती. ओडिशाकडचे पेशंट त्या गाडीनं रायपूरच्या दवाखान्यांत येतात, सलाइनची बाटली हातात धरून उतरणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. तीही एक नंबरवरच राहावी म्हणून मी त्या चार दिवसांत जुळवाजुळव केली होती, त्यांनाही पायऱ्या नकोत म्हणून. "एक मिनिट रोक" हे माझ्या ओठांवर होतं. तिनं गाडी रोखली असती. तिनं कारणही विचारलं नसतं, माझं तोंड तिला माहीत आहे.

"मैडम? रोकूँ क्या?"

"नको," मी म्हणाले. "टाइमावर सोड."

फोन बंद केला आणि मला माझीच किळस आली. बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांची मला कदर, आणि जिनं जन्म दिला तिला एक मिनिट नाही. तिला शब्द देऊन आले होते मी, पाच मिनिटंही झाली नव्हती. पुढच्या वर्षी तिचे गुडघे हे एवढंही चालणार नाहीत. नागपूरच्या पुलावर ती खाली बसली होती तेव्हाचा चेहरा माझ्यासमोर आला. हॉर्न वाजला. मी दांडा धरून उभ्या असलेल्या त्या बायांना हात जोडले आणि म्हणाले, "आई राहिली." चौकस बाई रडायला लागली. गाडी हलली.

मधल्या वेळात दुसऱ्या टोकाला काय घडलं ते मला कुलीनं नंतर सांगितलं. मी धावत सुटल्यावर आई दहाएक पावलं चालली आणि थांबली. धमतरीच्या त्या बायांनी विचारलं, दाई, म्हणजे माय, तुला जायचंय का या गाडीनं? ती हो म्हणाली. मग त्यांनी डब्याचा नंबर वगैरे काही विचारलं नाही. समोर जे दार होतं त्याकडे तिला नेलं. दोघींनी काखेत हात घातले, एकीनं खाली बसून तिचा पाय उचलून पायरीवर ठेवला, कुलीनं वरून ओढलं, आणि सगळ्या मिळून म्हणत होत्या, "चढ़ दाई, चढ़!" बाकीचं आतून चालत जाशील, घाई कशाला, असं कुली तिला म्हणाला. गाडी आतून सलग असते, कुठल्याही डब्यात चढावं आणि मग आपला डबा शोधावा, हे पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या लेकरालाही सुचतं. मला सुचलं नाही. मी गाडी थांबवायला निघाले होते.

पण त्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बिलासपूरच्या टोकाला उभी होते आणि गाडी माझ्या समोरून जात होती. आधी आमचा डबा गेला, बाया दारातून माझ्याकडे बघत होत्या. मग एकेक डबा. खिडक्यांत अनोळखी माणसं, कोणी डबा उघडून जेवत होतं, कोणी लेकराला खिडकीतून काही दाखवत होतं. इतकी माणसं! आयुष्यभर मी यांना रेघ म्हणत आले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी मी पाहत होते, कारण तो देखावाच तसा होता, एवढं मोठं काहीतरी माझ्या गावातून उठून दुसऱ्या देशाकडे चाललं होतं. डब्यांचा वेग वाढत होता. मी मनात म्हणत होते, आता मागं जायचं, आई बाकावर बसलेली असेल, तिला काय सांगायचं.

शेवटून दुसऱ्या डब्याच्या खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्यांचा, सुरकुतलेला.

"पोट्टे!" आई ओरडली. "ए पोट्टे! चढली मी! पाह्य ना, चढली!"

मला हात हलवायचंही भान राहिलं नाही. ती ओरडतच पुढं गेली, तिचा आवाज चाकांच्या आवाजात मिसळला. मी प्लॅटफॉर्मच्या टोकावर खाली बसले आणि मोठ्यानं रडले, लोक पाहत होते तरी. गाडी वेळेवर सुटली होती. माझी आई चुकीच्या डब्यात, अनवाणी, लुंबिनीला निघाली होती.